शनवार तेली

१. कोकणात, मुख्यतः आजच्या रायगड जिल्ह्यात, वस्ती करून राहिलेले मराठीभाषक बेने इस्राएल ज्यू. घाण्यावर तेल गाळणारी ही मंडळी शनिवारी घाणा बंद ठेवत. जुनी इंदूरच्या शनिमंदिरात दर शनिवारी तेल वाहायला होणारी गर्दी या ग्रंथाच्या मूळ लेखकाच्या डोळ्यांसमोर होती. म्हणून त्याने या सुटीचाही संबंध शनीच्या कोपाशी लावला आहे. तो ग्राह्य नाही. इथे ग्रहाचे भय नाही. सहा दिवस काम करून सातव्या दिवशी मालकाने थांबावे, गड्याला आणि बैलालाही जुंपू नये, ही ज्यूंच्या धर्मग्रंथाची, तोराची, आज्ञा आहे.

अशी आज्ञा श्रद्धेने पाळायची की बुद्धीला पटते म्हणून, यावर आधुनिक ज्यू तत्त्वज्ञांनी फार खोल विचार केला. इंदूरच्या अहिल्याबाई होळकरांचा समकालीन मोझेस मेंडेल्सझोन याने ‘जेरुसलेम’ (१७८३) या ग्रंथात मांडले, की ईश्वर बुद्धीने कळतो. सीनाय पर्वतावर मिळाले ते आचरणाचे नियम, आणि विश्वास सक्तीने ठेववत नाही. हेर्मान कोहेनला (१८४२–१९१८) गड्याच्या विसाव्यातच नीतीचा गाभा दिसला. प्रस्तुत संपादकाला कोहेन अधिक जवळचा वाटतो. घाण्यावर राबणाऱ्याला आधी तोच पटला असता.

हा आधुनिक विचार बेने इस्राएलांपर्यंतही पोचला. लंडनला वैद्यकी शिकताना त्या समाजातल्या डॉ. जेरुशा झिराड उदारमतवादी ज्यू विचाराच्या संपर्कात आल्या. मुंबईत १९२५ साली ज्यूइश रिलिजस युनियन उभी राहिली, ती त्यांच्या पुढाकाराने.