कोबॉट म्हणजे काय? आणि अपघात झाला तर जबाबदार कोण?

जाळीच्या आत न राहता माणसाच्या शेजारी काम करणारा रोबॉट म्हणजे कोबॉट. माणसाला धक्का लागला की सेन्सरमुळे त्याचा हात थांबतो. पण सेन्सर चुकला तर?

यासाठी मला एक जुनी केस महत्त्वाची वाटते. २५ जानेवारी १९७९ ला अमेरिकेत, मिशिगनमधल्या फोर्डच्या कारखान्यात रॉबर्ट विल्यम्स हा कामगार रॅकवर चढून सुटे भाग काढत होता. रोबॉटचा हात लागून तो जागीच गेला. १९८३ मध्ये ज्युरीने रोबॉट बनवणाऱ्या कंपनीला १ कोटी डॉलर भरपाई द्यायला लावली.

म्हणजे ‘मशीनची चूक’ म्हणून कुणाची सुटका होत नाही. उद्या तुम्ही कोबॉटशेजारी कामाला लागलात, तर पहिल्याच दिवशी दोन गोष्टी विचारा: थांबवायचं लाल बटण कुठे आहे? आणि ते दाबलं म्हणून माझा पगार तर कापणार नाही ना?