उधारीची वही : गिरणगावच्या खाणावळवाल्या आणि ‘अन्नपूर्णा’

(थ्रेड)

१/ गिरणी संपांच्या इतिहासात पुढाऱ्यांची नावे येतात, मोर्चे येतात, मागण्या येतात. एक साधा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो : पगार बंद असताना महिनोन्महिने हे कामगार जेवत कुठे होते?

२/ १८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईतील पहिल्या कापड गिरणीची स्थापना केली. पुढील पाऊणशे वर्षांत परळ, लालबाग, भायखळा, वरळी या पट्ट्यात गिरण्यांची आणि चाळींची दाट वस्ती उभी राहिली. तेच गिरणगाव. कामगार प्रामुख्याने कोकणातून आणि घाटावरून आलेले. मुंबईत बिऱ्हाड थाटणे एका पगारात परवडत नसे, म्हणून बायकामुले गावीच राहत. १९२० च्या दशकात मुंबईतील स्त्रियांची संख्या पुरुषांच्या जवळजवळ निम्मीच होती.

३/ एकाच गावची माणसे मिळून एक खोली घेत. तिला ‘गाळा’ म्हणत. एका पाळीचे लोक कामावर गेले की दुसऱ्या पाळीचे त्याच जागेत वळकटी पसरीत. प्रत्येकाच्या वाट्याला एक ट्रंक आणि भिंतीवरची एक खुंटी. अशा खोलीत चूल पेटणार कुठे? जेवणासाठी मग शेजारच्या चाळीतील खाणावळ गाठावी लागे.

४/ ही खाणावळ म्हणजे हॉटेल नव्हे. एखादी बाई आपल्याच खोलीत दोन वेळचा स्वयंपाक करी आणि ठरलेल्या माणसांना महिन्याच्या बोलीवर जेवू घाली. कोणी विधवा, कोणी नवऱ्याने टाकलेली, कोणाचा नवरा आजारी. १९२० च्या दशकात गिरण्यांतील साधारण पाचवा हिस्सा कामगार स्त्रिया होत्या. पुढे हे प्रमाण घसरत गेले. गिरणीचे दार बंद झाल्यावर चूल हेच अनेकींचे भांडवल ठरले.

५/ या व्यवहाराचा कणा म्हणजे उधारीची वही. गिरणीचा पगार महिना संपल्यावर आणखी दहा-पंधरा दिवसांनी हाती पडे. नव्याने लागलेल्या माणसाला दीड महिना पैशाविना काढावा लागे. ‘बदली’ कामगाराची स्थिती त्याहून बिकट : रोज सकाळी गिरणीच्या दारात उभे राहायचे आणि काम मिळेल की नाही याची वाट पाहायची. तेवढ्या काळात ताट वाढले जाई ते ओळखीच्या भरवशावर.

६/ दुसरा पर्याय सावकाराचा. त्या काळी रुपयामागे महिन्याला एक आणा व्याज हा नेहमीचा दर होता. म्हणजे वर्षाला ७५ टक्के. हे ध्यानात घेतले की खाणावळीच्या वहीचे मोल कळते.

७/ १९२८ चा सार्वत्रिक संप एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चालला. सुमारे दीड लाख कामगार त्यात होते. अनेकांनी गावची वाट धरली. शेतीचा तुकडा हा त्यांचा एक आधार होता. मुंबईत राहिलेल्यांची भिस्त युनियनच्या मदतीवर, वाण्याच्या आणि खाणावळीच्या उधारीवर होती. संपाचे बळ सभांइतकेच या वह्यांतही होते.

८/ मात्र या आधाराची वीण सर्वांसाठी सारखी नव्हती. गाळा गावाचा असे तसा जातीचाही असे. पंगतही बहुधा त्याच ओळखीची. गिरणीत तर दलित कामगारांना अधिक मजुरीच्या विणकाम खात्यात प्रवेशच नव्हता. धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागतो, म्हणून विटाळ होतो, हे कारण पुढे केले जाई. डॉ. आंबेडकरांनी १९२८-२९ च्या संपांच्या काळात हा प्रश्न कामगार चळवळीपुढे रोखठोक मांडला. एकमेकांना सांभाळणाऱ्यांनी कोणाला वगळले, हेही या इतिहासाचा भाग आहे.

९/ आणि सांभाळणारीला कोण सांभाळत होते? खाणावळवाली स्वतः वाण्याची देणेकरी. संप लांबला की येणे थांबे, देणे थांबत नसे. मग दागिने गहाण पडत, प्रसंगी मंगळसूत्रही. कायद्याच्या दृष्टीने ती कामगार नव्हतीच. तिला ना बोनस, ना रजा, ना विमा.

१०/ हे चित्र प्रेमा पुरव यांनी जवळून पाहिले. त्या मूळच्या गोव्याच्या, गोवा मुक्तिलढ्यातून घडलेल्या आणि पुढे मुंबईतील डाव्या कामगार चळवळीत आलेल्या कार्यकर्त्या. संपाच्या काळात कामगारांना जेवू घालणाऱ्या या बायकांचे नाव चळवळीच्या कुठल्याच यादीत नाही, हे त्यांना जाणवले. १९७५ मध्ये त्यांनी ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ स्थापन केले.

११/ काळही अनुकूल होता. १९६९ मध्ये १४ मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १९७२ मध्ये दुर्बल घटकांसाठी ४ टक्के व्याजाची कर्जयोजना आली. अडचण तारणाची होती. दुकान नाही, जागा नावावर नाही, सहीऐवजी अंगठा. मंडळाने उपाय काढला तो चाळीच्याच रीतीचा : एका वस्तीतील बायकांनी एकमेकींना जामीन राहायचे. ज्या ओळखीवर ताट वाढले जाई, तीच ओळख आता बँकेत तारण म्हणून ठेवली गेली.

१२/ १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. तो औपचारिकरीत्या कधीच मागे घेतला गेला नाही. गिरण्या बंद पडत गेल्या, जेवणारी माणसे पांगली आणि कित्येक वह्यांतील येणे तसेच राहिले. ‘अन्नपूर्णा’ टिकली, कारण तिने एका खोलीतील चुलीपलीकडे पाहिले : मोठ्या प्रमाणावर जेवण पुरवण्याची कामे, प्रशिक्षण, नोकरदार स्त्रियांसाठी वसतिगृह. २००२ मध्ये प्रेमाताईंना पद्मश्री मिळाली.

१३/ संपांच्या नोंदी सरकारी अहवालांत आणि वर्तमानपत्रांत सापडतात. उधारीची वही हिशेब मिटला की रद्दीत जाते, आणि न मिटलेला हिशेब सांगणारी माणसेही आता थोडीच उरली आहेत. ज्यांच्या घरात गिरणगावातली एखादी आजी आहे, त्यांनी तिला संपाच्या तारखा विचारू नयेत. त्या काळात घरी पंगतीला कोण कोण असे आणि पैसे कोणाचे यायचे राहिले, एवढेच विचारावे.