बोरघाटात पगार कुणी अडवला?

मुंबईहून पुण्याला रेल्वेने जाताना कर्जत सुटलं की आपण सगळे मोबाईल काढून बोगदे शूट करतो. ते बोगदे खोदणाऱ्यांच्या मजुरीची गोष्ट मात्र कमीच लोकांना ठाऊक असते. आज तीच.

१८५६ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचं बोरघाटातलं काम सुरू झालं. सुमारे २५ किलोमीटरचा चढ, ५५० मीटरच्या आसपास उंची, २५ बोगदे. काळा कातळ हाताने भोकं पाडायची आणि दारू ठासून फोडायचा. डायनामाइट तेव्हा नव्हतंच. ठेका मिळाला विल्यम फेव्हिएलला. माणूस नवखा नव्हता, मुंबई-ठाणे ही पहिली लाईनही त्याच्याच ठेक्यातली.

आता हजारो मजूर एकटा ठेकेदार कसे सांभाळणार? त्याने कामाचे तुकडे पाडून पोटठेकेदारांना दिले. त्यांच्या खाली मुकादम, आणि मुकादमाच्या खाली त्याची माणसं, बऱ्याचदा अख्खी कुटुंबं. पैसे वरून खाली झिरपत यायचे. म्हणजे बघा, मधल्या एकाने जरी हात आखडला, तरी उपाशी राहायचा तो सगळ्यात खालचाच. आणि त्याचा करार कुणाशी? मुकादमाशी, तोही तोंडी. कंपनीच्या दृष्टीने तो मजूर जणू अस्तित्वातच नव्हता.

जानेवारी १८५९ मध्ये हे फुटलं. थकलेल्या मजुरीवरून मजूर चिडले आणि कामावरच्या युरोपीय लोकांवर चालून गेले. सरकारने चौकशी केली, तेव्हा पोटठेकेदारांनी पैसे अडवल्याचं समोर आलं. त्याच वर्षी फेव्हिएलने ठेका सोडला. मला इथे गंमत वाटते (गंमत कसली म्हणा!): कातळाने जे केलं नाही, ते हिशेबाने केलं.

पुढचा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल. तो इंग्लंडहून आला आणि काही आठवड्यांतच वारला. ठेका त्याच्या बायकोने, अ‍ॅलिस ट्रेडवेलने, पुढे चालवला. साइटवरचं काम बघायला अ‍ॅडमसन आणि क्लाउझर हे दोघे होते. १८६१ च्या सुमारास घाटात ४० हजारांहून जास्त माणसं राबत होती. पटकीने माणसं जात होती, ते वेगळंच. १८६३ मध्ये घाट खुला झाला.

पण मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो १८६० चा कायदा. रेल्वे, कालवे अशा कामांवरच्या मजुरीचे वाद मॅजिस्ट्रेटने झटपट सोडवायचे, असं त्यात होतं. ऐकायला छान! पण त्याच कायद्यात, काम अर्धवट सोडून जाणाऱ्या मजुराला शिक्षाही होती. दंगा मजुरी बुडाली म्हणून झाला, आणि कायद्याने तुरुंग दाखवला तो मजुराला. हा कायदा विसाव्या शतकातही कित्येक वर्षं चालू होता.

खरी गाठ सुटायला १९७० उजाडलं. त्या वर्षीच्या कंत्राटी कामगार कायद्यात आलं की ठेकेदाराने मजुरी दिली नाही, तर ती मूळ मालकाने भरायची आणि मग ठेकेदाराकडून वसूल करायची. शिवाय त्या कायद्याप्रमाणे पगार वाटताना मालकाचा माणूस तिथे हजर असावा लागे, आणि वाटलेल्या रकमेवर त्याची सही लागे. तुमच्यापैकी कुणी तेव्हा साइटवर सुपरवायझर असेल, तर ती सही कदाचित तुम्हीच केली असेल. पैसे खरंच हातात पडताना बघून केली होती ना?