सत्रात यजमान कोण?

हिवाळा लागला की महाविद्यालयांच्या फलकांवर ‘नॅनोतंत्रज्ञान : राष्ट्रीय चर्चासत्र’ अशी पत्रके दिसू लागतात. त्यातला ‘नॅनो’ नवा, म्हणून नजर त्याच्यावर जाते. मुरलेला शब्द आहे तो ‘सत्र’.

सत्र हा मुळात यज्ञाचा प्रकार. संस्कृतात ‘सत्त्र’, धातू ‘सद्’, म्हणजे बसणे. परिषद, संसद, सभासद, उपनिषद ही सगळी त्याच धातूची लेकरे. इंग्रजीतले ‘सेशन’ही दूरच्या नात्याने त्याच कुळातले. महाभारताची कथा सौतीने सांगितली ती नैमिषारण्यात, शौनकांच्या बारा वर्षांच्या सत्रात. मला मोलाची वाटते ती सत्राची एक अट. एरवी यज्ञाचा यजमान एक आणि ऋत्विज दक्षिणा घेणारे. सत्रात ऋत्विज तेच यजमान, म्हणून दक्षिणा नाही आणि फळ सगळ्यांचे. ‘चर्चा’ही तिथलीच: वेदपठणात पदे पुन्हा पुन्हा घोळवणे.

‘नॅनो’ ग्रीक ‘नानोस’वरून आला, अर्थ बुटका. १९६० साली तो मापनाच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत अब्जाव्या भागासाठी उपसर्ग म्हणून रुजू झाला. त्याच्या आदल्याच वर्षी, २९ डिसेंबर १९५९ रोजी, रिचर्ड फाइनमन यांनी कॅल्टेकमध्ये अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञांच्या मेळाव्यात अणू एकेक करून रचता येतील का, हा विचार मांडला. ‘नॅनोतंत्रज्ञान’ हा शब्द मात्र त्यात नव्हता. तो नोरिओ तानिगुची यांनी १९७४ साली टोकियोतल्या एका परिषदेत वापरला. म्हणजे या विद्येचे बारसेच परिषदेत झाले!

मराठीत त्याला ‘अब्जांश तंत्रज्ञान’ म्हणतात, आणि हा शब्द मापाला अगदी चोख आहे. भास्कराचार्यांच्या लीलावतीत अब्ज म्हणजे एकावर नऊ शून्ये. नॅनो त्याचाच व्यस्त. शिवाय अब्ज म्हणजे पाण्यात जन्मलेले, कमळ. बुटक्यापेक्षा मला हेच नाव गोड वाटते. तरी बोलण्यात ‘नॅनो’च टिकेल, कारण तो जिभेवर बसला आहे.

अमेरिकेत राष्ट्रीय नॅनोतंत्रज्ञान दिन ९ ऑक्टोबरला असतो. दहावा महिना, नववी तारीख, म्हणजे दहाचा उणे नववा घात. आपल्याकडे २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला अनेक संशोधनसंस्था लोकांसाठी दारे उघडतात. तिथे काचेच्या कुपीत माणकासारखे लाल पाणी दाखवून ‘हे सोने आहे’ असे सांगता येते: कण वीसेक नॅनोमीटरचे झाले की सोन्याचा पिवळा रंग राहत नाही. ते पाहून शाळकरी पोरे विचारतात, मग तांब्याचे काय होईल? चांदीचे? पुन्हा वितळवले तर?

येत्या चर्चासत्रांच्या आयोजकांना एवढीच विनंती: कार्यक्रमपत्रिकेत प्रश्नोत्तरांना शेवटची पाच मिनिटे देऊ नका, व्याख्यानाइतकाच वेळ द्या, आणि पहिला प्रश्न मागच्या रांगेला विचारू द्या.