झाशीचे खलिते आणि त्यांची उत्तरे

पत्रास उत्तर कसे द्यावे, याविषयी जुन्या मराठी दफ्तरांची स्वतःची शिस्त होती. हेमाडपंताच्या नावावर चालत आलेले मेस्तक काय, किंवा शिवकालीन राजव्यवहारकोशातील लेखनवर्ग काय, लेखनव्यवहार हा राज्यकारभाराचाच भाग मानला जात होता, हे त्यांवरून दिसते. वडिलास मायना कोणता, बरोबरीच्यास कोणता, हे ठरलेले असे. परंतु या पद्धतीचे मर्म आम्हांस मायन्यापेक्षा त्यापुढील वाक्यात दिसते. ‘पत्र पाठविले ते पावले, मजकूर कळला’ असे म्हणून कारकून समोरच्याचे म्हणणे आधी उतरून घेई, ‘म्हणोन लिहिले’ असा शेरा देई, आणि मग ‘ऐशास’ म्हणून आपल्या धन्याचे उत्तर मांडी. मूळ पत्र हाताशी नसले तरी प्रश्न काय होता आणि तो टाळला की सोडविला, हे वाचणाऱ्यास कळे. आज संगणकावरील उत्तराखाली मूळ पत्र आपोआप चिकटून येते. ते कोणी वाचले आहे, एवढा मात्र त्यावरून भरवसा धरता येत नाही.

ज्यांचा दिवस टिपणे आणि स्मरणपत्रे यांत जातो, अशा आमच्या वाचकांनी झाशीच्या पत्रव्यवहाराकडे या दृष्टीने एकदा पाहावे. लढाईची हकीकत सर्वांस ठाऊक आहे; लढाईच्या आधी चार वर्षे कागदावर काय चालले होते, त्याकडे लक्ष कमी जाते.

गंगाधरराव २१ नोव्हेंबर १८५३ रोजी वारले. आदल्याच दिवशी त्यांनी दामोदररावास दत्तक घेतले होते. लक्ष्मीबाईंनी ३ डिसेंबर रोजी गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसीस खलिता लिहिला आणि १६ फेब्रुवारी १८५४ रोजी दुसरा. खलिता म्हणजे किनखाबी थैलीतून जाणारे मोहोरबंद पत्र. त्याचा थाट मोठा. परंतु या पत्रांचे बळ थाटात नव्हते. १८१७ च्या तहाच्या फार्सी मसुद्यात ‘वारिसान’ आणि ‘जानशीनान’ असे दोन निराळे शब्द आहेत. पहिल्याने रक्ताचे वारस येतात, दुसऱ्याने गादीवर बसणारा, अर्थात दत्तकही. दोन्ही शब्द घातले ते काही उगाच नव्हे, असे राणीचे म्हणणे होते. ओरछा, दतिया येथील दत्तकविधाने मान्य झाल्याचे दाखलेही पुढे केले होते. कोणत्याही चांगल्या कारकुनास अभिमान वाटावा अशी ही मांडणी आहे.

डलहौसीने आपला निर्णय २७ फेब्रुवारी रोजी लिहिला. दुसरे पत्र निघाल्यास तेव्हा अकराच दिवस झाले होते. झाशी-कलकत्ता हे अंतर वाचकांनीच मनात मोजावे. झाशीचे घराणे मुळात पेशव्यांचे सुभेदार, स्वतंत्र राजे नव्हेत, या मुद्द्यावर निर्णयाचा सारा भर आहे. मार्चमध्ये मेजर एलिस यांनी संस्थान खालसा झाल्याचे राणीस कळविले. एलिस यांनी स्वतः राणीच्या बाजूने वरिष्ठांस लिहिले होते, हे त्यांच्या पदरी घातले पाहिजे. पुढे जॉन लँग या वकिलास बोलावणे गेले, तेही सोनेरी कागदावर, फार्सीत. त्यांच्या सल्ल्याने नवा अर्ज गेला. त्याने काही झाले नाही.

या सगळ्यात कलमवार म्हणावे असे एकच उत्तर आम्हांस आढळते, आणि ते आले १८५७ मध्ये. जूनमध्ये झाशीच्या छावणीत उठाव होऊन इंग्रजांची कत्तल झाली. राणीने १२ व १४ जून रोजी जबलपूरचे कमिशनर अर्स्किन यांस घडलेले वर्तमान लिहिले, आपणांकडून पैसा कसा उकळला गेला तेही लिहिले, आणि पुढे काय करावे असे विचारले. २ जुलै रोजी अर्स्किन यांचे उत्तर निघाले: नवा अधिकारी येईपर्यंत कंपनी सरकारच्या वतीने कारभार पाहावा, वसुली करावी, पोलीस ठेवावेत. ओरछा आणि दतियाच्या फौजा चालून आल्या, तेव्हा राणीने किल्ला राखला तो हा कागद जवळ असताना.

वरिष्ठांचा विश्वास मात्र या पत्रांवर बसला नाही. राणीने १ जानेवारी १८५८ रोजी सर रॉबर्ट हॅमिल्टन यांस पुन्हा लिहिले, आपल्यावर आलेले आळ खोडले आणि मदत मागितली. त्या पत्रास उत्तर गेले नाही. मार्चमध्ये सर ह्यू रोज यांची फौज झाशीसमोर येऊन उतरली.