शंभर रुपयांचं गणित आणि गंगाराम कांबळेंचा चहा

"गावातल्या दुकानातनं घे, पैसा गावात राहतोय." हे कोल्हापुरात सगळ्यांनीच घरी ऐकलेलं असतं. आमच्यासारख्या प्रयोगशाळेतल्या लोकांना असं काही ऐकलं की आधी सूत्र आठवतं, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

समजा, मी शाहूपुरीतल्या एका दुकानात १०० रुपये दिले. त्यातले ६० पगार, हमाली, गाळ्याचं भाडं असे गावातच पुन्हा खर्च झाले. त्या ६० मधले ३६, मग २१.६०... ही श्रेणी बेरजेला २५० वर जाते. दर फेरीला २० टक्केच गावात राहिले, तर बेरीज १२५ वरच थांबते. टक्केवारी मी सोयीसाठी धरलीय, सूत्र मात्र पक्कं आहे. अर्थशास्त्रात याला गुणक म्हणतात.

शाहू महाराजांनी हे सूत्र कधी मांडलं नसेल, पण गावात पेठ असण्याची किंमत त्यांना कळत होती. १८९१ मध्ये कोल्हापुरात रेल्वे आली, १८९४ मध्ये महाराजांच्या हाती कारभार आला आणि १८९५ मध्ये स्टेशनजवळ शाहूपुरी वसली. गुळाचा व्यापार तिथं वाढला. पुढं १९०६ मध्ये सूतगिरणीची पायाभरणी झाली. हे सगळं शाळेच्या पुस्तकात असतंच.

मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते भाऊसिंगजी रोडवरचं एक छोटं हॉटेल.

गंगाराम कांबळे राजवाड्याच्या पागेत नोकरीला होते. पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून तिथल्याच लोकांनी त्यांना मारलं. महाराजांनी त्यांना स्वतःचा धंदा काढायला सांगितलं आणि त्यांनी चहाचं हॉटेल टाकलं, 'सत्यसुधारक'. दुकान स्थानिक, मालक स्थानिक, रस्ता गजबजलेला. आणि गिऱ्हाईक? 'अस्पृश्याच्या' हातचा चहा प्यायला कुणी येईना.

आता वरची श्रेणी परत बघा. तिच्यात आपण गुपचूप एक गोष्ट धरून चाललो होतो, की पहिले १०० रुपये गल्ल्यात पडलेत. पहिलं पदच शून्य असेल, तर गुणक कितीही मोठा घ्या, बेरीज शून्यच येते. गंगारामांचं तेच झालं होतं. बाजार गावातलाच होता, आणि त्यांना बाहेर ठेवणारेही गावातलेच होते.

महाराजांना हे कळलं. मग त्यांचा खडखडा या हॉटेलसमोर थांबायला लागला. ते भर रस्त्यात चहा मागवायचे, स्वतः प्यायचे आणि सोबतच्या मंडळींनाही द्यायचे. छत्रपती पितायत म्हटल्यावर बाकीच्यांना नाही कसं म्हणता येणार? (त्या मंडळींचे चेहरे मला फार बघायचे होते.)

१९१९ मध्ये संस्थानात सार्वजनिक ठिकाणी अस्पृश्यता पाळू नये असे हुकूम निघाले. दवाखाना, शाळा, सरकारी कचेरी यांना हुकूम लागू करता येतो. पण कुणी कुठं चहा प्यावा, हे कागदावर लिहून होत नाही. तिथं महाराज स्वतः गिऱ्हाईक झाले.

गुणकाचं सूत्र शिकवताना हे उदाहरण कुठल्या पुस्तकात मला तरी अजून दिसलं नाही. पुढच्या वेळी कुणाला समजावताना मी १०० रुपयांऐवजी त्या पहिल्या कपापासून सुरुवात करणार आहे.