कृष्णाकाठचा शेतकरी कामगार पक्ष

शेतकरी कामगार पक्षाचे नाव निघाले की आजच्या वाचकाच्या मनात अलिबाग किंवा सांगोला ही गावे येतात. आणि ते स्वाभाविकही आहे, कारण गेल्या दोन पिढ्यांत या पक्षाचा लाल बावटा निवडणुकांच्या रणात टिकून राहिला तो मुख्यतः त्याच दोन मुलखांत. परंतु ज्या काळी हा पक्ष महाराष्ट्रात काँग्रेसची जागा घेईल असे जाणती माणसे मानत होती, त्या काळी त्याच्या बळाचा फार मोठा हिस्सा कृष्णा, कोयना आणि वारणा या नद्यांच्या काठी होता, याचे विस्मरण खुद्द सातारा आणि सांगली या जिल्ह्यांनाही झाले आहे. हे दोन जिल्हे तरी आजचे. तासगाव, खानापूर, वाळवा आणि शिराळा हा मुलूख १९४९ पर्यंत साताऱ्याच्याच कलेक्टर कचेरीच्या अंमलाखाली होता. सांगली, मिरज, जत ही संस्थाने विलीन झाल्यावर त्यांना हा मुलूख जोडून दक्षिण सातारा जिल्हा करण्यात आला आणि १९६० च्या अखेरीस त्याला सांगली हे नाव मिळाले. या पक्षाच्या इतिहासाला ही सरहद्द ठाऊक नाही, म्हणून येथेही ती बाजूला ठेवली आहे.

पक्षाचा जन्म १९४७ चा असला, तरी ज्या भूमीत तो रुजला तिची मशागत पाऊणशे वर्षे आधीपासून चालू होती. जोतीराव फुले यांचे मूळ गाव कटगुण हे खटाव तालुक्यातले. त्यांनी १८७३ साली स्थापिलेल्या सत्यशोधक समाजाचा विचार जलशांच्या रूपाने, ढोलकीच्या तालावर आणि गावाला कळेल अशा भाषेत, या जिल्ह्यातील वाड्यावस्त्यांवर पोचला, आणि १९१९ ते १९२१ या काळात इनामदार व सावकार यांच्याविरुद्ध कुळांनी जो उठाव केला, त्यामागे या जलशांनी निर्माण केलेली जागृती होती. त्याच १९१९ साली कराडजवळच्या काले या गावी सत्यशोधकांची परिषद भरली आणि तेथे भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेचा पाया घातला गेला. पुढे ब्राह्मणेतर पक्षाचा जोर ओसरला आणि केशवराव जेधे १९३० नंतर काँग्रेसमध्ये आले, तेव्हा त्यांच्यामागून बहुजन समाजातील तरुणांची एक पिढीच्या पिढी राष्ट्रीय चळवळीत उतरली. या पिढीने काँग्रेसचा स्वीकार केला तो स्वराज्यासाठी. परंतु खंड, सारा, सावकारी व्याज आणि जप्ती यांविषयीचे आपले गाऱ्हाणे तिने कधीच खाली ठेवले नव्हते.

बेचाळीसच्या चळवळीने या गाऱ्हाण्याला सत्तेचा अनुभव जोडून दिला. तासगावचा मोर्चा, वडूजचा आणि इस्लामपूरचा गोळीबार, शेणोलीजवळ लुटलेली रेल्वे आणि १९४४ साली धुळ्याकडे लुटलेला सरकारी खजिना यांच्या कथा सर्वश्रुत आहेत. माझ्या मते मात्र या चळवळीतून उभ्या राहिलेल्या प्रतिसरकारचे खरे कर्तृत्व त्या शौर्यकथांपेक्षा त्याच्या दैनंदिन कारभारात आहे. नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९४३ ते १९४६ या काळात गावोगाव न्यायदान मंडळे बसली, सावकाराच्या तावडीत सापडलेल्या जमिनींचे तंटे चावडीवर तुटू लागले, गुंडांचा आणि दरोडेखोरांचा बंदोबस्त झाला, अल्पखर्चात लग्ने लागू लागली, आणि कुंडलसारख्या गावात तुफान सेनेचे शिक्षण चालू राहिले. मामलेदार आणि फौजदार यांच्यावाचून आपला कारभार आपण करू शकतो, हा प्रत्यय ज्या शेतकऱ्याला एकदा आला, तो स्वराज्य आल्यावर पुन्हा केवळ अर्जदार म्हणून कचेरीच्या ओसरीवर बसावयास राजी होणार नव्हता.

१९४६ साली मुंबई इलाख्यात बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ पुन्हा आले, आणि अपेक्षाभंगासही तेथूनच प्रारंभ झाला. धान्याची लेव्ही पूर्वीप्रमाणेच चालू राहिली, कुळांचा प्रश्न रेंगाळला, आणि प्रदेश काँग्रेसची सूत्रे शहरी पांढरपेशांच्या हाती आहेत ही भावना बळावली. त्या वर्षी शंकरराव मोरे आणि केशवराव जेधे यांनी काँग्रेसच्या अंतर्गतच शेतकरी कामगार संघ उभा केला. १९४७ च्या ऑगस्टमध्ये, स्वातंत्र्याचा सोहळा काही दिवसांवर असताना, आळंदीला पक्षाची घोषणा झाली. आणि काँग्रेसने आपल्या पोटात दुसऱ्या पक्षाला थारा न देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा १९४८ साली हे सारे कार्यकर्ते बाहेर पडले. साताऱ्यात ही फूट जीवघेणी होती. एकाच भूमिगत जीवनात एका भाकरीचे वाटेकरी झालेले लोक आता दोन मांडवांत विभागले गेले: नाना पाटील आणि जी. डी. बापू लाड नव्या पक्षात गेले. यशवंतराव चव्हाण, किसन वीर आणि वसंतदादा पाटील काँग्रेसमध्ये राहिले. यशवंतरावांनी पुढे जे केले त्यावरून पाहता असे वाटते, की शेतकऱ्याचे राज्य आणावयाचे तर ते सत्ताधारी संस्थेच्या बाहेरून आणता येणार नाही, असा त्यांचा पक्का हिशेब त्याच वेळी झाला असावा.

याच वर्षांतील एक काळी घटना वगळून पुढे जाणे मला उचित वाटत नाही. गांधीजींच्या हत्येनंतर १९४८ च्या फेब्रुवारीत या मुलखातील गावोगाव ब्राह्मणांची घरे जाळण्यात आली आणि पिढ्यानपिढ्या नांदलेली कितीतरी कुटुंबे पुण्या-मुंबईकडे निघून गेली. अपराध्याशी काडीचाही संबंध नसलेल्या माणसांवर हे संकट कोसळले. त्याचे समर्थन कोणत्याही अन्यायाच्या स्मरणाने होऊ शकत नाही. त्याचा राजकीय परिणामही दूरगामी झाला. त्याच साली झालेला कुळकायदा, त्यानंतर इनामे व वतने नष्ट करणारे कायदे, आणि १ एप्रिल १९५७ रोजी कसणाऱ्या कुळाला मालक मानणारी दुरुस्ती, यांमुळे जमिनीवरील जुना मालकवर्ग येथे फार लवकर नाहीसा झाला. ज्या शत्रूविरुद्ध सत्यशोधकांपासून सारी चळवळ उभी होती, तो शत्रू पक्षाला तीन-चार वर्षे होतात न होतात तोच गावातून गेला होता, किंवा जाण्याच्या वाटेवर होता.

अशा वेळी पक्षाने आपले तत्त्वज्ञान निश्चित केले. मालेगावजवळ दाभाडी येथे १९५० साली संमत झालेल्या प्रबंधाने मार्क्सवाद-लेनिनवाद ही पक्षाची निष्ठा म्हणून जाहीर केली. त्या प्रबंधामागील तळमळ निःसंशय खरी होती, आणि भारतातील एका प्रादेशिक शेतकरी पक्षाने स्वतःची वैचारिक बैठक इतक्या गांभीर्याने ठरवावी, ही गोष्ट आजही आदराने नोंदवावी अशी आहे. परंतु शेतकरी हा एक वर्ग आहे असे गृहीत धरून मांडलेल्या विचारात कृष्णाकाठचा बागायतदार आणि माणदेशचा जिरायतदार या दोघांमधले अंतर मावले नाही. त्यातच मतभेद होऊन दत्ता देशमुख प्रभृतींनी कामगार किसान पक्ष काढला, नाना पाटीलही त्या वाटेने कम्युनिस्ट पक्षाकडे गेले, आणि १९५२ च्या निवडणुकीत पक्षाला मुंबई विधानसभेत अवघ्या १४ जागा मिळाल्या. कराड दक्षिणमधून यशवंतराव मोहिते निवडून आले हे साताऱ्यापुरते समाधान. १९५४ मध्ये खुद्द जेधे काँग्रेसमध्ये परतले. काही काळाने मोरेही गेले. संस्थापक परतल्यावरही गावोगावचे कार्यकर्ते तेथेच राहिले, ही गोष्ट या पक्षाच्या मुळांविषयी बरेच काही सांगून जाते.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याने पक्षाला पुन्हा उभारी दिली. १९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीच्या लाटेत पक्षाचे ३१ आमदार निवडून आले, आणि नाना पाटील कम्युनिस्ट पक्षाचे उमेदवार म्हणून साताऱ्यातून लोकसभेवर गेले. कराडला तर द्वैभाषिकाचे मुख्यमंत्री असलेल्या यशवंतराव चव्हाणांना शेतकरी कामगार पक्षाच्या केशवराव पवारांनी इतके जेरीस आणले, की अगदी थोड्या मतांनी त्यांचा निभाव लागला. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला पंडित नेहरू प्रतापगडावर शिवछत्रपतींच्या पुतळ्याच्या अनावरणासाठी आले असता समितीने मोर्चा नेला. घाटातून चालत आलेल्या त्या जनसमुदायात लाल बावट्यांची संख्या मोठी होती. पक्षाच्या या मुलखातील इतिहासाचा हा मध्यान्ह होय.

मध्यान्हानंतरची उतरण फितुरीने झाली, असे त्या पिढीतील निष्ठावंत सांगत आले. यशवंतरावांच्या बेरजेच्या राजकारणाने माणसे ओढून नेली यात शंका नाही. राज्यस्थापनेच्या सुमारास यशवंतराव मोहितेही काँग्रेसमध्ये गेले, आणि तेथे सहकारमंत्री म्हणून कापसाच्या एकाधिकार खरेदीसारखी, मूळ पक्षाच्या जाहीरनाम्यात शोभावी अशी योजना त्यांनी राबविली. ज्याने पक्ष सोडला त्यानेच पक्षाची एक मागणी पुरी केली, हे पाहता केवळ फितुरी हा खुलासा अपुरा ठरतो. माणसे गेली कारण त्यांच्या पायाखालची जमीन ओली झाली होती.

खोडशीच्या बंधाऱ्यातून निघालेला कृष्णा कालवा इंग्रजी अमदानीतला. त्यात कोयनेच्या धरणाने नदीला बारमाही केले, नदीकाठी उपसा यंत्रे बसली, आणि जेथे ज्वारी आणि भुईमूग होत असे तेथे ऊस उभा राहिला. प्रवरानगरला १९५० साली सहकारी साखर कारखान्याचा यशस्वी प्रयोग झाला होता. त्या नमुन्यावर सांगलीस वसंतदादांनी, रेठरे बुद्रुक येथे मोहिते-भोसले बंधूंनी, वाळव्यात राजारामबापूंनी आणि भुईंजला किसन वीरांनी कारखाने उभे केले. कारखाना म्हणजे केवळ चरक नव्हे. शेअर घेतलेल्या सभासदाच्या उसाची नोंद तेथे होते, तोडणीची पाळी तेथे ठरते, पहिली उचल तेथून मिळते, सोसायटीचे पीककर्ज त्याच बिलातून कापले जाते, आणि गावच्या पोराला चिटबॉयची नोकरीही तेथेच लागते. आडसाली ऊस अठरा महिने रानात उभा असताना तोडणीची चिठ्ठी महिनाभर लांबली तर वजन घटते, पुढचे पीक चुकते. अशा स्थितीत चिठ्ठी देणाऱ्याशी वैर धरणे हे सामान्य शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरचे धैर्य होते. १९६२ साली जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या आल्या, तेव्हा साखर, पतपेढी आणि प्रशासन या तिन्हींची सूत्रे एका हाती गुंफली गेली. शेतकऱ्याने आपल्या मालाचा कारखाना आपण चालवावा, हे स्वप्न याच मातीतले होते. ते खरे झाले आणि ते पाहणाऱ्या पक्षाला त्यात जागा उरली नाही.

पण सह्याद्रीपासून पूर्वेकडे जसजसे जावे तसतसा पाऊस ओसरत जातो, आणि माण, खटाव, आटपाडी, जत, कवठे महांकाळ हा मुलूख त्या काळी उसाचे नाव केवळ ऐकून होता. तगाई, चारा-छावण्या, खडी फोडण्याची दुष्काळी कामे आणि मेंढरे घेऊन परमुलखात जाणे, हे तेथील जीवन. माझी अशी निश्चित धारणा आहे, की पक्षाचे भवितव्य या पूर्वभागात होते आणि पक्षाने ते वेळीच ओळखले नाही. त्याचे पुढारी कराड, वाळवा, तासगाव या सुपीक पट्ट्यातले, त्यांच्या सभा तेथल्या, आणि त्यांचा संघर्षही तेथल्याच भाऊबंदांशी. याचा पडताळा शेजारीच मिळतो. आटपाडीला लागून असलेल्या सांगोल्यात गणपतराव देशमुख १९६२ साली प्रथम निवडून आले आणि त्याच दुष्काळी मातीने त्यांना एकूण ११ वेळा विधानसभेत पाठविले. तोच पाऊस, तीच ज्वारी, तीच मेंढरे. केवळ जिल्ह्याची वेस ओलांडली की पक्ष नाहीसा होतो, याचे कारण मला तरी माणसांच्या निवडीखेरीज दुसरे दिसत नाही.

वाळवा तालुक्यातील ढवळीचे एन. डी. पाटील हे मात्र या विधानाला सन्माननीय अपवाद होत. रयतेच्या शाळा-महाविद्यालयांशी आयुष्यभर बांधलेला हा शिक्षक १९४८ मध्ये पक्षात आला तो १७ जानेवारी २०२२ रोजी मृत्यू येईपर्यंत पक्षातच राहिला. १९७२-७३ च्या भीषण दुष्काळाच्या काळात इस्लामपूरला लोकांच्या मोर्चावर गोळीबार झाला, माणसे मारली गेली, आणि पाटलांच्या घरीही त्याची झळ पोचली. तरी त्यांनी सूडाची भाषा केली नाही, हे त्यांच्या विरोधकांनीही मान्य केले आहे. तासगाव तालुक्यातील विसापूरला काँग्रेसचे वि. स. पागे यांनी ज्या रोजगार हमीचा प्रयोग आरंभिला होता, ती योजना राज्यभर कायद्याने यावी म्हणून दुष्काळी मोर्चांतून जो रेटा लागला, त्यात या पक्षाचा वाटा मोठा आहे. १९७८ साली शरद पवारांच्या पुरोगामी लोकशाही दलाच्या मंत्रिमंडळात पाटील सहकारमंत्री झाले. पण ते सरकार १९८० च्या फेब्रुवारीत बरखास्त झाले, आणि त्याच सुमारास शरद जोशींची शेतकरी संघटना कांद्याच्या आणि उसाच्या भावाचा प्रश्न घेऊन पुढे आली. तरुण शेतकऱ्याला आता कसण्याच्या हक्काहून भावाचा प्रश्न निकडीचा वाटत होता, आणि त्याची उत्तरे तो नव्या बिल्ल्याखाली शोधू लागला.

पूर्वभागाकडे लक्ष गेले ते १९९३ पासून, जेव्हा नागनाथअण्णा नायकवडी यांनी आटपाडीला पाणी परिषद भरवून दुष्काळी तालुक्यांना कृष्णेचे हक्काचे पाणी मागितले आणि एन. डी. पाटील व गणपतराव देशमुख त्या व्यासपीठावर उभे राहिले. प्रतिसरकारातले वृद्ध सैनिक आणि दाभाडी प्रबंधाचे अनुयायी असे पुन्हा एकत्र आले, त्यास पंचेचाळीस वर्षे उशीर झाला होता. तो लढा वाया गेला नाही: ताकारी, म्हैसाळ आणि टेंभू या उपसा योजनांचे पाणी टप्प्याटप्प्याने त्या माळरानांवर चढले, आणि जेथे मेंढपाळ घर सोडून जात, तेथे आज द्राक्षे, डाळिंब आणि ऊसही आहे. त्या पाण्याबरोबर कारखान्यांची तोडणी यंत्रणाही तेथे पोचली, आणि तिच्यामागोमाग पश्चिमेकडचेच राजकारण. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत शेतकरी कामगार पक्षाचा एकच आमदार निवडून आला, तो सांगोल्यातून, गणपतरावांचा नातू. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतून पक्षाला एकही जागा मिळाली नाही.